सोळा वर्षांची मुदत

मु. चिचटोला, पोस्ट अर्जुनी
२० जून १९५५

तीर्थस्वरूप भोजराजभाऊस,

गंगाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मायला आणि वहिनीला माझा नमस्कार सांग. आम्ही इकडे खुशाल आहोत. सुशीलाला वरचे दोन दात आले, आता ती भिंतीला धरून उभी राहते आणि कोणी पाहिलं की खाली बसते. मायला सांग, नाक आपल्या घरचंच आहे.

आमचे धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले. घरी हे आठ दिवसांपासून गावकऱ्यांबरोबर तलावाच्या पाळीवर माती टाकायला जातात. उन्हाळ्यात पाळ एका जागी खचली होती. यांच्या आजोबांच्या आज्याने तो तलाव बांधला, म्हणून पाळीचं काही झालं की आमच्याच घराला जास्त लागतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण बसायचं नाव घेत नाहीत.

तू पाठवलेली पुडी शुक्रवारी मिळाली. पोस्टमनने ती सासूबाईंच्या हातात दिली. काय आहे म्हणून त्यांनी विचारलं, मी नेहमीसारखं रक्तवाढीच्या गोळ्या म्हणून सांगितलं. चार वर्षं झाली, तुझ्या गोळ्या चुकल्या नाहीत, असं त्या शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या.

त्या गोळ्यांबद्दलच विचारायचं आहे. या वेळी त्या पांढऱ्या का आहेत? आजवर तू पाठवलेली प्रत्येक गोळी गुलाबी होती. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं उमटवलेली असत, काचेची शिशी असे, शिशीच्या तोंडाशी कापूस असे. या चपट्या आहेत, मधोमध एक रेघ, कागदाच्या पुडीत बांधलेल्या. वर एक अक्षर नाही. सोबत तुझी एक ओळही नाही.

तू कंपाउंडर माणूस. दिवसाला शंभर पुड्या बांधत असशील. गर्दीत एखादी पुडी इकडची तिकडे गेली नसेल ना? कोणाच्या तरी पोटदुखीच्या गोळ्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या त्याच्याकडे गेल्या, असं तर झालं नाही? मी एक गोळी जिभेच्या टोकाला लावून पाहिली. गुलाबी आधी गोड लागते, मग कडू. ही लावल्याबरोबर कडू.

शिशीत गुलाबी अकरा उरल्या आहेत. रोवणी पंधरा-वीस दिवसांवर आली. रोवणीत दिवसभर बायकांच्या ओळीत पाण्यात वाकून रोपं लावायची असतात. मी काय म्हणते ते तुला समजेल. उलट टपाली उत्तर पाठव, पण दुखण्याचं नाव उघड लिहू नकोस. हे माझं पत्र फोडत नाहीत, पण भावाने काय लिहिलं ते विचारतात, आणि मला वाचून दाखवावं लागतं.

बाकी सर्व ठीक. मायला काळजी करू देऊ नकोस.

तुझी धाकटी बहीण
गंगा


मु. चिचटोला
११ जुलै १९५५

तीर्थस्वरूप भाऊस,

गंगाचा नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पाऊस पाहिजे तेवढा नाही, त्यामुळे रोवणी लांबली. घरचे सगळे आभाळाकडे पाहून राहिले आहेत. मला मात्र ती लांबली ते बरं वाटतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटते.

तू लिहिलेलं मी चार वेळा वाचलं. मला जे समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग. ही गोळी ज्या परदेशी कंपनीने काढली, तिने सरकारदरबारी तिचा हक्क नोंदवला होता. सोळा वर्षं दुसऱ्या कोणी ती गोळी बनवायची नाही आणि कंपनी सांगेल तो भाव द्यायचा. ती मुदत मागच्या साली संपली. आता मुंबईकडच्या दोन-तीन कंपन्या तेच औषध बनवून राहिल्या आहेत. आतलं औषध तेच, फक्त गुलाबी रंग नाही आणि त्या कंपनीचं नाव नाही. कोणा एकाच्या हातात राहिलं नाही म्हणून भाव उतरला. जिथे एक गोळी यायची तिथे आता सहा येतात. डॉक्टरसाहेबांनी गुलाबी मागवणंच बंद केलं. असंच ना?

समजलं, भाऊ. पण समजून भीती जात नाही.

औषध तेच असेल तर इतकी वर्षं आपण कशाची किंमत देत होतो? मायने हातातले चांदीचे गोठ कशासाठी मोडले? रंगासाठी? आणि औषध ते नसेल, तर मी उद्या कशाच्या भरवशावर धानाच्या बांधीत उतरू? दोन्हीतलं एक तर खोटं असलंच पाहिजे, असं मला दिवसभर वाटत राहतं. काम करताना हात थांबतात.

मागच्या साली इथल्या आठवडी बाजारात एक माणूस हिवतापाच्या गोळ्या स्वस्तात विकून गेला. शेजारच्या मनिरामने सुनेसाठी घेतल्या. ताप उतरेना तेव्हा त्याने एक गोळी पाण्यात टाकून पाहिली, तर बुडाशी नुसता खडू. त्याची सून वाचली, पण एक कान कायमचा गेला. तेव्हापासून इथे स्वस्त औषध म्हटलं की लोक हसतात. मी पण परवा एक पांढरी गोळी वाटीभर पाण्यात टाकली. ती फुटली आणि बुडाशी पांढरं बसलं. गुलाबी टाकली असती तर तिचंही बसलं असतं का? ते पाहायची हिंमत झाली नाही. त्या मोजक्या राहिल्या आहेत.

तू काळजी करू नकोस. मी गोळी घेते. लग्न झाल्यापासून ते एकदाही झालेलं नाही, हे मी विसरत नाही. मागच्या बुधवारी जेवताना जीभ चावली गेली. सुजली आहे, म्हणून दोन दिवस कण्यांची पेज पिते. अंगही ठेचल्यासारखं दुखतं. कामाचं असेल.

परवा हे म्हणाले, "एवढ्या गोळ्या खाते, तरी सुकून काऊन राहिली?" मी हसून टाळलं. यांचा स्वभाव तुला माहीत आहे, दुसऱ्यांदा विचारत नाहीत. विचारत नाहीत म्हणूनच मला जास्त भीती वाटते. चार वर्षांत हा माणूस मला वाकडा शब्द बोलला नाही, आणि मी रोज यांच्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर एक खोटं गिळते.

भाऊ, एवढं कर. फक्त रोवणीपुरत्या तीस गुलाबी गोळ्या पाठव. गोंदियात नसतील तर नागपूरला कोणाला तरी सांग. कुठेतरी जुन्या शिश्या पडल्या असतील. पुढे मी पांढऱ्याच खाईन, कुरकुर करणार नाही. फक्त हे पंधरा दिवस सगळ्या गावासमोर निभू दे.

मायला यातलं काही वाचून दाखवू नकोस.

तुझी
गंगा


मु. चिचटोला
४ ऑगस्ट १९५५

भाऊ,

हे पत्र हेच तुझ्या हातात देतील. उद्या सकाळच्या छोट्या गाडीने गोंदियाला येऊन राहिले आहेत. पाकीट चिकटवू का म्हणून मी विचारलं, तर तुझी मर्जी म्हणाले. मग उघडंच ठेवलं. वाटेत वाचायचं तर वाचतील.

सोमवारी मला मिरगी आली. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. अकराव्या वर्षापासून ती माझ्या अंगात आहे, आणि आपल्या घरात तिला कोणी नावाने हाक मारली नाही. माय 'ते' म्हणायची, तू 'तब्येत' म्हणायचास. लग्न ठरलं तेव्हा मायने मला देवघरासमोर उभं करून शपथ घातली. तू बाजूला होतास. गोळी घेतली की ते होत नाही, मग सांगायचं कशाला, असं तू म्हणालास. मलाही ते तेव्हा खरं वाटलं.

आता सोमवारचं सांगते. तलावाखालच्या मोठ्या बांधीत रोवणी होती. आम्ही बारा जणी, मी ओळीच्या शेवटी. सकाळपासून डोकं जड होतं. मग जळक्या तेलासारखा वास आला. मला तो वास ओळखीचा आहे, लहानपणी आधी तोच यायचा. बांधावर जाऊन बसावं म्हणून मी सरळ उभी राहिले. पऱ्ह्याची पेंढी हातात होती, ती लांब लांब जाताना दिसली. त्यापुढचं मला माहीत नाही, सासूबाईंनी सांगितलं तेवढंच.

मी तोंडावर पडले. पाणी घोट्याएवढं होतं. घोट्याएवढ्या पाण्यात माणूस मरतं, भाऊ, तोंड खाली असलं तर. बायका ओरडून बांधावर पळाल्या. कोणी म्हणे अंगात आलं, कोणी म्हणे बाहेरचं आहे, हात लावू नका. सासूबाई दुसऱ्या टोकाला पऱ्हे वाटत होत्या. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चिखलातून धावत आल्या. माझे केस धरून तोंड वर केलं आणि तोंडातला चिखल बोटाने काढला. माझे दात त्यांच्या बोटावर बसले. हाडापर्यंत लागलं आहे. हळद भरून चिंधी बांधली आहे, बोट दोन बोटांएवढं झालं आहे. घरी आणून मला कोरडं लुगडं नेसवलं, तेही त्याच हाताने.

आता जे तुला लिहायचं टाळत होते ते लिहिते. पांढरी गोळी मी घेतलीच नाही. एकही नाही. मी घेते असं मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. गुलाबी मी एका दिवसाआड घेतली, मग दोन दिवसांआड, मग अर्धी करून. तुझं दुसरं पत्र आलं, गुलाबी कुठेच मिळत नाही, तुझ्या गळ्याची शपथ, पांढरीच घे, असं. तेव्हा शिशीत अर्धी गोळी होती. सोमवारी ती खाऊन नऊ दिवस झाले होते. जीभ चावली म्हणून लिहिलं होतं ना, तेव्हा मी गोठ्यात एकटी होते. शुद्धीवर आले तेव्हा बैल माझ्याकडे पाहत होता. तेव्हाही घेतली नाही. पांढऱ्या सगळ्या धानाच्या ढोलीमागच्या मडक्यात ठेवल्या होत्या.

काऊन घेतली नाही ते मला नीट सांगता येत नाही. मनात असं होतं की ती घेतली आणि तरी आलं, तर मग जगात माझ्यासाठी दुसरं औषधच नाही. न घेता ठेवली तर निदान आशा तरी राहते. हे लिहिल्यावर किती वेडेपणाचं वाटतं. पण तेव्हा मला त्याशिवाय दुसरं सुचत नव्हतं. म्हणून त्या पांढऱ्या गोळीला कोणी दोष देऊ नका. तिने मला फसवलं नाही, मीच तिला तोंडात घेतलं नाही.

संध्याकाळी हे शेतातून आले. अंगणात पाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"लग्नाच्या आधीपासून हाये?"

मी हो म्हटलं.

"तुझ्या भावाले मालूम होतं?"

हो म्हटलं. मायचंही विचारलं, त्यालाही हो म्हटलं. मग उठून गेले. तेव्हापासून जेवण वाढलं की जेवतात, ताट स्वतः उचलून ठेवतात. आज दुपारी मडकं मागून घेतलं, सगळ्या गोळ्या फडक्यात बांधल्या आणि गोंदियाला जातो म्हणाले. यांचे काका येऊन गेले. ओसरीवर बोलणं चाललं होतं. पोहोचवून दे, एवढे दोन शब्द मला ऐकू आले. पुढे हे काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

गोळ्या त्यांच्याबरोबर चालल्या. ते परत येईपर्यंत माझ्याजवळ काही नाही. सासूबाईंनी मला चुलीपासून उठवलं आहे. खाटेवरून पडशील म्हणून जमिनीवर चटई टाकून दिली आहे, दिवसभर तिथेच बसते. सुशीला माझ्याकडे यायला रडते, पण तिला देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. ती झाल्यापासून मी स्वतःच तिला घेऊन कधी चुलीपाशी बसले नाही, विहिरीवर गेले नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायची. या बाईला पोरीची माया नाही, असं आळीत बोलत. मी ऐकून घ्यायची. खरं कारण कोणाला सांगणार होते?

हे तुझ्याशी कसं बोलतील ते मला माहीत नाही. काही बोलले तर ऐकून घे. हात उचलला तरी सहन कर. पण काही लपवू नकोस, भाऊ. एक गोष्ट जरी झाकलीस आणि ती यांना नंतर कळली, तर माझं इथलं दाणापाणी संपलं.

काल राखी होती. मी पाठवली नाही. घरात कोणाला दोरा मागायची छाती झाली नाही.

गंगा


मु. चिचटोला
२६ ऑगस्ट १९५५

भाऊ,

तुला आणि मायला नमस्कार. तुझी दोन पत्रं आली. उत्तर मुद्दाम दिलं नाही. आधी माझ्याजवळ लिहिण्यासारखं काहीतरी होऊ दे, असं ठरवलं होतं.

हे नऊ तारखेला परत आले. आल्या आल्या काही सांगितलं नाही. त्यांचं बोलणं तुकड्या-तुकड्याने निघतं. पोळ्यासाठी बैलांच्या शिंगांना रंग लावत होते, मी रंगाची वाटी धरून बसले होते, तेव्हा बरंचसं बोलले. दवाखान्याच्या बाकावर ते तीन दिवस बसून होते, ते तू पाहिलंसच. तुझ्या घरचं पाणीही प्याले नाहीत, ते वहिनीने लिहिलं आहे. पण बाकावर बसून त्यांनी काय पाहिलं ते तुला माहीत नसेल.

पहिल्या दिवशी त्यांनी डॉक्टरसाहेबांपुढे फडकं सोडलं आणि ह्या खऱ्या का खोट्या एवढंच विचारलं. साहेबांनी कपाटातून गुलाबी गोळ्यांची रिकामी शिशी काढली आणि पांढऱ्या गोळ्यांचा डबा काढला. दोन्ही यांच्या हातात दिले आणि पाहा म्हणाले. यांना इंग्रजी येत नाही. पण जुन्या शिशीवर मोठ्या अक्षरात एक नाव होतं आणि त्याच्याखाली अगदी बारीक अक्षरात दुसरं. नव्या डब्यावर ते मोठं नाव नव्हतं. ते बारीकच नाव तिथे मोठं करून छापलं होतं. यांनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. हरवलेल्या बैलाच्या अंगावरच्या खुणा जुळवतात ना, तसं. सगळी अक्षरं जुळली. साहेब म्हणाले, वरचं नाव कंपनीचं, खालचं नाव औषधाचं. मुदत होती तोवर औषध कंपनीच्या नावाखाली राहिलं. आता ते स्वतःच्या नावाने विकलं जातं.

तरी यांचं समाधान झालं नाही. गोळी खाणारा माणूस दाखवा म्हणाले. म्हणून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी दरेकशाकडचा चुन्नीलाल आला. जंगलात लाकूडतोडीला जातो. आधी आरागिरणीवर होता, तिथे दोनदा पडला म्हणून मालकाने काढून टाकलं. गुलाबी गोळीचा भाव ऐकून तो पाच वर्षांपूर्वी दवाखान्याच्या पायरीवरून परत गेला होता. आता सहा महिन्यांपासून पांढरी खातो. यांनी त्याला बाहेर नेऊन चहा पाजला आणि खोदून खोदून विचारलं. सहा महिन्यांत मिरगी एकदाच आली, तीही तो चार दिवस गोळी घ्यायची विसरला तेव्हा. चुन्नीलालने आपल्या हातावरचे पडल्याचे जुने डाग दाखवले आणि नवा एकही नाही, तेही दाखवलं.

एवढं सांगून हे थांबले. मग शिंगाला ब्रश लावता लावता म्हणाले, "गोळी खरी हाये. तुझा भाऊ खोटा निंगाला."

"आन् मी?" मी विचारलं.

ते दुसऱ्या शिंगाकडे वळले. मग म्हणाले, "तू भेली."

भाऊ, तू यांच्याजवळ कबूल केलंस की पांढऱ्या गोळ्यांचा पहिला डबा आला तेव्हा तुलाही धाक वाटला होता. चार-पाच महिने तू मला त्या पाठवल्या नाहीस. आधी दवाखान्यातल्या चौघांना लागू पडल्या हे पाहिलंस, मग पाठवल्या. हे तू मला काऊन लिहिलं नाहीस? सोळा वर्षांची मुदत लिहिलीस, मुंबईच्या कंपन्या लिहिल्यास, भाव लिहिलास. पण तू स्वतः भ्यालास आणि मग चौघं बरे राहिलेले पाहिलेस, एवढं लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी गोळी तोंडात टाकली असती. मला भाव नको होता. मला कोणीतरी ती खाऊन जिवंत आहे, एवढंच पाहिजे होतं. तू लिहिलं नाहीस, कारण पत्र मला वाचून दाखवावं लागेल हे तुला माहीत होतं. म्हणजे ज्या लपवण्यासाठी गोळी होती, त्याच लपवण्याने मला बांधीत पाडलं. हे मी तुला एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. त्यात माझाही वाटा आहे.

नऊ तारखेपासून मी पांढरी गोळी घेते. काल सतरावी झाली. सासूबाई समोर उभ्या राहतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "माझ्यापुढं खाजो, आन् तोंड उघडून दाखवजो." मी दाखवलं. त्यांचं बोट अजून वाकत नाही. पहिली गोळी गिळली तेव्हा मी भिंतीला टेकून उभी राहिले. रोज सकाळी डोळे उघडले की आधी जीभ दातांवरून फिरवून पाहते. जखम नसली की उठते. डोकं थोडं जड राहतं, चालताना कधी पाऊल चुकतं. साहेबांनी ते काही दिवस होईल असं सांगितलं आहे म्हणे. पण कुठे काही जळाल्याचा वास आला की मी हातातलं काम टाकते. परवा शेजारी कोणी फोडणी करपवली, तर मी सुशीलाला पटकन खाली ठेवलं आणि जमिनीवर बसले. पाचेक मिनिटं काही झालं नाही. मग रडू आलं.

मला ठेवणार की नाही हे अजून कोणी बोललेलं नाही. काका पुन्हा आले होते. हे त्यांना म्हणाले, रोवणी होऊ द्या, कापणी होऊ द्या. त्याचा अर्थ मला लावता येत नाही. पोळ्याला मला लुगडं आणलं. तू भाऊबीजेला यायचं नाहीस असं सासूबाईंनी सांगितलं आहे. यांनी त्यावर होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तू येऊ नकोस. मी सांगेन तेव्हा ये.

आता ज्याच्यासाठी खास पत्र लिहायला बसले ते. मंगळवारी दुपारी पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली नंदाबाई आली. आमची फारशी ओळख नाही. रोवणीला ती त्या बारा जणींत होती, बांधावर पळालेल्यांत. बराच वेळ पावसापाण्याचं बोलली. मग उठता उठता बाहेर उभ्या असलेल्या मुलीला तिने आत बोलावलं आणि तिची बाही वर केली. नऊ वर्षांची असेल. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचे वण. दोनदा चुलीत पडली. सगळी देवस्थानं करून झाली, अंगारे झाले. नंदाबाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमच्या गोळीचं नाव काय हाये, बाई? आमाले परवडन काय?"

मी तिला सगळं सांगितलं. सासूबाई तिथेच बसल्या होत्या, त्यांच्यासमोर सांगितलं. ती गोळी आता कोणा एकाची राहिली नाही, म्हणून परवडते. यांनी डब्यावरचं नाव पाहून पाहून एका कागदावर काढून आणलं आहे. त्याच्यावरून मी दुसऱ्या कागदावर उतरवून दिलं. अक्षरं मलाही वाचता येत नाहीत, म्हणून यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासले.

येत्या गुरुवारच्या गाडीने ती पोरीला घेऊन तुझ्या दवाखान्यात येईल. भित्री बाई आहे, हिंदीत कोणी खेकसलं तर परत फिरेल. तू स्वतः बाहेर येऊन तिला आत ने. घाईत पुडी बांधून देऊ नकोस. गोळी पांढरी का आहे, स्वस्त का आहे, एक दिवस चुकली तर काय होतं, सगळं समजेल असं सांग. तूही आधी भ्याला होतास, तेही सांग. चुन्नीलाल आला असला तर त्याच्याशी गाठ घालून दे. आणि घरी काय सांगू म्हणून तिने विचारलं, तर तिला खोटं शिकवू नकोस. पोरगी नऊ वर्षांची आहे. तिचं सगळं व्हायचं आहे.

हे पत्र टाकायला आज मी स्वतः जाते आहे. वाट पाळीवरून, पाण्याच्या कडेने आहे. तीन आठवड्यांत मी तिकडे गेले नाही. सासूबाई लुगडं बदलून दारात उभ्या आहेत, सोबत यायला.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझीच
गंगा